पांढऱ्या रंगाशिवाय रंगवलेली लाट

खडकावर फुटणारी लाट रंगवायची आहे. कागदावर काम असतं तर पांढऱ्या रंगाचे चार फटकारे मारले की फेस तयार. पण समोर कागद नाही, तळहाताएवढी काच आहे. तिच्यातून उजेड आरपार जाऊन भिंतीएवढ्या पडद्यावर पडणार आहे. काचेवर पांढरा रंग लावला तर तो उजेड अडवणार आणि पडद्यावर फेसाच्या जागी काळे ठिपके उमटणार. म्हणून या कामात पांढऱ्या रंगाला जागाच नाही. फेस हवा तर तेवढी काच कोरी सोडायची, आणि चुकून रंग गेलाच तर सुईच्या टोकाने खरवडून ती पुन्हा कोरी करायची.

हाताने रंगवलेल्या जुन्या लँटर्न स्लाइड्स समजून घ्यायच्या तर इथूनच सुरुवात केलेली बरी. साधारण १८५० पासून १९३० च्या दशकापर्यंत दूरदेशीची दीपगृहं, भरतीच्या पाण्यात उभे असलेले मठ, समुद्रातले सुळके, बंदरांच्या तोंडावरचे बुरूज हे सगळं पुष्कळ लोकांनी पाहिलं ते अशा काचांमधून, अंधाऱ्या सभागृहात बसून. आज त्याच काचा स्कॅन होऊन आपल्या फोनवर येतात. निळंशार पाणी, गुलाबी आकाश, तांबूस खडक. आणि पाहणारा हमखास विचारतो, तेव्हा खरंच असे रंग होते का?

झटपट उत्तर असं की आकार कॅमेऱ्याचा आहे आणि रंग एका माणसाचा. पण एवढ्यावर थांबलं तर गंमत हुकते. त्या माणसाला कुठे मोकळीक होती, कुठे त्याचे हात बांधलेले होते आणि कुठे त्याने सरळ थाप मारली, हे त्या काचेवर बऱ्यापैकी वाचता येतं.

आधी कंदील, मग फोटो

काचेवरची चित्रं पडद्यावर दाखवणारा मॅजिक लँटर्न, म्हणजे जादूचा कंदील, हा प्रोजेक्टरचा पूर्वज फोटोग्राफीपेक्षा जवळजवळ दोनशे वर्षांनी मोठा. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९ मध्ये अशा कंदिलात घालण्यासाठी हाडांच्या सापळ्याची चित्रं रेखाटली होती. तेव्हापासून काचेवर चित्र काढायचं, मागे दिवा, पुढे भिंग, समोर पडदा, असा हा खेळ चालत आला. मराठीत १८९० च्या दशकात त्याला ‘शांबरिक खरोलिका’ असं भारदस्त नाव मिळालं. शांबरी म्हणजे माया.

फोटोग्राफी आली तरी ती लगेच या कंदिलात शिरू शकली नाही. डॅगेरोटाइप नावाचे सुरुवातीचे फोटो चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर असत. पत्र्यातून उजेड कसा जाणार? पुढे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर देऊन काचेवर फोटो घेण्याची रीत फ्रान्समध्ये निघाली. तिचा आधार घेत फिलाडेल्फियातल्या विल्यम आणि फ्रेडरिक लँगेनहाइम या भावांनी पारदर्शक फोटो-स्लाइड तयार केली आणि १८५० मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या मोठ्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या स्लाइड्स मांडल्या गेल्या. त्यानंतर काचेवर थर द्यायला कलोडियन नावाचा चिकट द्रव आला, १८७० च्या दशकापासून जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या, आणि स्लाइड बनवणं कारखान्यात होण्याजोगं सोपं झालं.

स्लाइड हातात घेतली तर तिची रचना सँडविचसारखी दिसते. एका काचेवर चित्र, त्यावर मधोमध खिडकी कापलेला काळा कागद, वर दुसरी साधी काच, आणि चारही कडांना काळ्या कागदाची गोंदपट्टी. ब्रिटिश स्लाइड सव्वातीन इंची चौरस, म्हणजे साधारण सव्वाआठ सेंटिमीटर. अमेरिकन स्लाइड सव्वातीन बाय चार इंच. कोपऱ्यात किंवा वरच्या कडेला एक-दोन पांढरे गोल ठिपके दिसतात, ते सजावटीचे नव्हेत. भिंग चित्र उलटं करतं, म्हणून स्लाइड कंदिलात डोकं खाली करून घालावी लागते. अंधारात चाचपडताना कोणती बाजू वर, कोणती पुढे, हे त्या ठिपक्यांवरून कळायचं. ब्रिटनमध्ये वरच्या कडेला दोन ठिपके देत, अमेरिकेत खाली डाव्या कोपऱ्यात एक. ठिपका अंगठ्याखाली धरून स्लाइड उलटी केली की ती बरोबर बसते. एवढी सोय असूनही स्लाइड उलटसुलट जोडली जायची ती जायचीच. म्हणून डावं-उजवं पटत नसेल तर आधी चित्रातली एखादी पाटी किंवा जहाजावरचं नाव वाचून पाहावं.

दिव्याचं आणि दीपगृहाचं नातं

इथे एक आडवळण घेतो, कारण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोठ्या सभागृहात तेलाचा दिवा पुरत नसे, तिथे लाइमलाइट वापरत. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत कळीच्या चुन्याचा तुकडा धरला की तो डोळे दिपवील असा पांढराशुभ्र तळपतो. ब्रिटिश लष्करी इंजिनिअर थॉमस ड्रमंड यांनी १८२५ च्या सुमारास आयर्लंडच्या मोजणीत हा उजेड वापरला. दूरच्या डोंगरावरची खूण दिसावी हा हेतू. नंतर त्यांनी तोच उजेड दीपगृहांत वापरता येईल का, याचेही प्रयोग केले. दीपगृहांत त्याचं बस्तान बसलं नाही, पण नाटकगृहांत आणि स्लाइडच्या कंदिलात तो पक्का मुरला. म्हणजे दीपगृहासाठी आजमावलेला दिवा शेवटी दीपगृहाची चित्रं दाखवायला कामी आला.

भिंगाचंही तसंच. ज्योतीचा उजेड चहूकडे पसरतो, तो गोळा करून एका दिशेला वळवायचा, हे दीपगृहाचंही काम आणि कंदिलाचंही. फ्रेंच शास्त्रज्ञ ओगुस्तँ फ्रेनेल यांनी त्यासाठी कड्याकड्यांचं भिंग बनवलं आणि १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहात ते लागलं. कंदिलात त्यापेक्षा साधी, एका बाजूने फुगीर अशी दोन भिंगं दिव्यापुढे बसवलेली असत. काम तेच.

लाइमलाइट धोक्याचा होता. दोन्ही वायू वेगवेगळ्या पिशव्यांत भरून त्यांवर वजनं ठेवत, आणि दाबात गडबड झाली तर स्फोट ठरलेला. प्रेक्षक समुद्र पाहत बसलेले आणि त्यांच्या पाठीमागे हा दारूगोळा.

कॅमेऱ्याला न दिसणारा लाल

आता मूळ मुद्दा. रंग भरणाऱ्याच्या हाती जे कृष्णधवल चित्र येई ते तटस्थ नव्हतं. त्या काळच्या काचा निळ्या आणि जांभळ्या उजेडाला फार तत्पर, हिरव्याला मंद, आणि लालला जवळजवळ आंधळ्या होत्या. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये दाखवून दिलं की थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर काचेला हिरवाही दिसू लागतो. पण लालसकट सगळे रंग पाहणाऱ्या काचा बाजारात मिळायला १९०६ उजाडावं लागलं.

किनाऱ्यावर याचे परिणाम जास्तच जाणवतात, कारण तिथे निम्मं चित्र आकाशाचं आणि उरलेल्यातलं निम्मं पाण्याचं. निळं आकाश काचेवर इतकं जोरात उमटे की ढग त्यात बुडून जात आणि छापल्यावर आकाश कोरं करकरीत येई. छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास फ्रान्सच्या किनाऱ्यावर यावर एक तोड काढली. समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी, आणि छापताना क्षितिजाच्या रेषेवर दोन्हींचा सांधा. लोक थक्क झाले. ही त्यांची चित्रं कागदावरची. स्लाइड रंगवणाऱ्याला मात्र कोरं आकाश ही आयती पाटीच मिळाली. स्लाइडमधलं आकाश इतकं नाटकी का असतं, त्याचं हे कारण. तिथे फोटो नव्हताच, त्यामुळे रंग भरणाऱ्याला अडवणारंही कुणी नव्हतं. तेव्हा आकाशावर काडीचाही विश्वास ठेवू नये.

लालचं प्रकरण उलटं. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या टेकडीवर जॉन स्मीटन यांनी बांधलेल्या एडिस्टन दीपगृहाचा वरचा भाग उभा आहे, लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा. जुन्या काचेला त्यातला लाल दिसला नाही. म्हणजे निगेटिव्हवर ती जागा कोरी राहिली, आणि निगेटिव्हवर जे कोरं ते स्लाइडवर काळपट. आता त्या काळपट पट्ट्यावर कितीही झगझगीत लाल लावा. रंग फक्त आरपार जाणारा उजेड गाळतो, आणि इथे उजेडच जेमतेम जातोय. पडद्यावर दिसेल जळक्या विटेसारखा मरगळलेला पट्टा. चाळणी चांगली असून उपयोग काय, वरून धान्यच पडत नसेल तर?

यावर उपाय होते. स्लाइड मुळातच फिकी छापून घ्यायची. किंवा तेवढ्या पट्ट्यावर पोटॅशियम फेरिसायनाइड आणि हायपो या रसायनांचं मिश्रण बारीक कुंचल्याने फिरवून तिथली चांदी (फोटोतला काळेपणा तिचाच) थोडी विरघळवायची, लगेच धुवायचं, आणि मग लाल द्यायचा. हात जरा रेंगाळला की पट्टा पार नाहीसा. घाईच्या मालात एवढे लाड कोण करतो? म्हणून जुन्या रंगीत स्लाइडमध्ये मनोऱ्याचा पट्टा तपकिरी दिसला तर मनोरा तपकिरी होता असं लगेच समजू नये. बहुतेक वेळा तो लालच असतो, कॅमेऱ्याने दाबलेला.

कुंचला आणि बोट

रंगवणारा माणूस उतरत्या मेजावर बसे. मेजाच्या मध्ये काचेची खिडकी, खाली आरसा, आरशातून वर येणारा उजेड. डोळ्याला भिंग. हिशेब साधा आहे. स्लाइडचा दिसणारा भाग सुमारे ७ सेंटिमीटर आणि पडदा साडेतीन मीटरचा धरला तर सगळं पन्नासपट मोठं होतं. क्षितिजावर रंग अर्धा मिलिमीटर खाली ओघळला तर पडद्यावर समुद्राच्या काठाला अडीच सेंटिमीटरची झालर लागते.

रंग पारदर्शकच हवेत, त्यामुळे पर्याय थोडे. जुन्या रिवाजात वॉर्निशमध्ये कालवलेले तेलरंग असत: प्रशियन ब्लू, पिवळा गॅम्बोज, मॅडरचा लाल (आपल्या मंजिष्ठेचा भाऊबंद), भाजलेल्या मातीचा सिएना. एवढ्या तीन-चार रंगांत अख्खा किनारा भागवायचा. हिरवा म्हणजे निळ्यावर पिवळा. विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये डांबरातून पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला, त्यानंतर अ‍ॅनिलीन रंगांची रीघ लागली. हे रंग पाण्यात विरघळत, जिलेटिनच्या थरात मुरत आणि काचेसारखे स्वच्छ दिसत. थर आधी ओला करून घेतला की रंग डाग न पडता एकसारखा पसरे. दोष एकच, उजेडाने ते उडत. गुलाबी आणि लाल तर सगळ्यांत आधी. आज एखाद्या स्लाइडमधला सूर्यास्त फिकट पिवळा दिसत असेल तर त्यातला गुलाबी कंदिलाच्या उजेडाने कधीच खाऊन टाकलेला असण्याची शक्यता मोठी.

तेलरंगात आकाश करायची पद्धत मला फार आवडते. कुंचल्याने निळा लावायचा, वर गडद, क्षितिजाकडे विरळ. पण कुंचल्याच्या रेघा पन्नासपट मोठ्या होऊन दिसणार. म्हणून रंग ओला असतानाच बोटाच्या पेराने हलकेच टिपत जायचं, टप टप टप, रेघा नाहीशा होईपर्यंत. मग ढग हवा असेल तिथे कापडाच्या बोळ्याने रंग उचलून घ्यायचा. इथेही पांढरा ढग म्हणजे रंग काढून घेतलेली जागा.

चांदण्याचा समुद्र ही हुकमी थाप. रात्री समुद्राचा फोटो घेण्याइतक्या वेगवान काचा नव्हत्याच. दिवसा, सूर्य ढगाआड असताना पाण्यावरची चमक टिपायची, स्लाइड गडद छापायची, सगळीवर निळी झाक द्यायची आणि थर खरवडून चंद्र काढायचा. चंद्र एका जागी आणि पाण्यातली चमक भलतीकडे, असं बऱ्याचदा सापडतं. दोन कंदील असले तर आणखी मजा. एकात दीपगृहाची दिवसाची स्लाइड, दुसऱ्यात त्याच जागेची निळी रात्र. एकाचा उजेड मंद करत दुसऱ्याचा वाढवला की प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत सांज होई आणि मनोऱ्यावर दिवा लागे.

हे काम स्टुडिओत चाले. त्यात बायकांचा आणि तरुण मुलींचा भरणा मोठा होता, आणि नाव मात्र लेबलवर स्टुडिओचं. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचे छायाचित्रकार जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन यांनी स्टॅफा बेटावरच्या फिंगलच्या गुहेपासून ब्रिटनचा किनारा पालथा घातला. जपानमधल्या योकोहामाचे छायाचित्रकार टी. एनामी त्यांच्या नाजूक रंगवलेल्या स्लाइड्ससाठी आजही संग्राहकांत नावाजले जातात. अमेरिकेत बर्टन होम्स स्लाइड्स दाखवत प्रवासवर्णनं सांगायचे, ‘ट्रॅव्हलॉग’ हा शब्द त्यांनीच रूढ केला. पण यांच्या काचांवर प्रत्यक्ष कुंचला कुणी चालवला, ती नावं फार थोड्या ठिकाणी उरली आहेत. एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकीत सकाळ आणि दुसरीत संध्याकाळ, असंही दिसतं.

काळ कसा ओळखायचा

रंग बेभरवशाचे असले तरी आकार प्रामाणिक असतात, आणि किनाऱ्यावरच्या वास्तू काळ ओळखायला फार सोयीच्या. एडिस्टनचंच घ्या. स्मीटन यांचा मनोरा १७५९ पासून भर समुद्रातल्या खडकावर होता. त्याखालचा खडक झिजला, म्हणून जेम्स डग्लस यांनी शेजारच्या खडकावर नवा मनोरा बांधला, तो १८८२ मध्ये पुरा झाला. मग जुन्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथला नेला आणि १८८४ पर्यंत तिथे पुन्हा उभा केला. बुंधा समुद्रातच राहिला, अजून आहे. तेव्हा समुद्रात एकटा जुना मनोरा दिसला तर स्लाइड नव्याच्या बांधकामाआधीची. दोन्ही पूर्ण मनोरे शेजारीशेजारी असतील तर १८८२ च्या आसपासची, आणि नव्याशेजारी नुसता बुंधा असेल तर त्यानंतरची.

फ्रान्सच्या माँ-सँ-मिशेलला तर नजर टाकली की कळतं. मठाचा टोकदार मनोरा आणि त्यावरचा देवदूताचा सोनेरी पुतळा १८९७ मध्ये चढला. त्याआधीच्या स्लाइडमध्ये माथा बसका दिसतो. बेटाकडे जाणारा बांध १८७९ चा, तोही नसेल तर आणखी मागे जा. अमेरिकेतल्या केप हॅटरस दीपगृहाला काळ्या-पांढऱ्या पीळदार पट्ट्या १८७३ मध्ये मिळाल्या. दिवसा खलाशांना मनोरा दुरून ओळखता यावा म्हणून हा वेष. रंगवणाऱ्यांना तिथे विटांच्या चौथऱ्यापलीकडे फारसं काम नव्हतं, कारण मनोऱ्याने आपणहून कृष्णधवल कपडे घातले होते.

आणि एक अपवाद, जिथे रंगही साक्ष देऊ शकतो. न्यूयॉर्क बंदरातला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला आणि १९०२ पर्यंत अधिकृतपणे दीपगृह म्हणूनही नोंदला गेला. तांब्याचा पत्रा असल्यामुळे सुरुवातीला तो तपकिरी होता. खाऱ्या हवेने त्यावर हिरवा थर चढत गेला, तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत. कृष्णधवल फोटोत हा फरक नीट कळत नाही. रंगवलेल्या स्लाइडमध्ये देवी तपकिरी असेल, तर रंगवणाऱ्याने ती स्वतः पाहिली असावी किंवा पाहिलेल्याचं ऐकलं असावं. अर्थात जुन्या नमुन्यावरून डोळे झाकून रंग भरलेले असू शकतात, म्हणून लेबल, काच आणि पट्टी यांचा काळही जुळवून पाहावा लागतो.

कॅमेरा स्वतःच रंग टिपायला लागल्यावर हा धंदा लगेच बसला असं वाटेल. तसं झालं नाही. ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम काच १९०७ मध्ये विक्रीला आली. बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले कण पसरलेली ही काच दिसायला सुंदर, पण तिच्यातून उजेडाचा दहावा हिस्साही आरपार जात नसे. मोठ्या सभागृहात ती मिणमिणती वाटायची, आणि दिवा वाढवला तर उष्णतेने तीच बिघडायची. शिवाय प्रत्येक काच एकुलती एक. त्यामुळे कुंचला आणखी पंचवीस-तीस वर्षं तगला. १९३६ मध्ये ३५ मिलिमीटरची कोडाक्रोम फिल्म आली, बोटभर स्लाइड खिशात मावू लागली, आणि मग मात्र ती मेजं रिकामी झाली.

अशी काच कधी हाती लागलीच तर कडांना धरा. ओल्या फडक्याने पुसू नका, पट्टी सुटलेली असेल तर पाणी आत शिरतं आणि अ‍ॅनिलीनचं आकाश अक्षरशः धुऊन निघतं. पुसायचीच तर बाहेरची काच, तीही कोरड्या मऊ कापडाने. आकाशात बोटाचा ठसा दिसला तर आधी भिंग लावून बघा. रेघा करड्या आणि बाहेरच्या काचेवर असतील तर कुणा हाताळणाऱ्याच्या, खुशाल पुसा. पण त्या रेघांमध्ये निळा साचलेला असेल आणि ठसा आतल्या बाजूला असेल, तर तो ते आकाश टिपून गुळगुळीत करणाऱ्याच्या बोटाचा आहे.